अर्जाआधी तिचा दिवस लिहा: चर्चच्या अनुदानातून ग्रामीण महिलांच्या उपजीविकेचं आणि आरोग्याचं काम कसं उभं करावं

चर्चच्या निधीसाठी अर्ज करायचा ठरलं की बहुतेक जण आधी फॉर्म उघडतात. पहिलाच रकाना असतो 'प्रकल्पाचे नाव'. तिथे 'शिलाई केंद्र' किंवा 'शेळीपालन' लिहिलं जातं आणि पुढची सगळी पानं त्या दोन शब्दांच्या मागे चालू लागतात. मीही तसंच केलं होतं. एका महिला गटासाठी दहा शिलाई यंत्रं मागितली, ती मंजूर झाली, उद्घाटन झालं. सहा महिन्यांनी गेले तेव्हा सात यंत्रांवर धूळ होती. बायकांना शिवणं जमत नव्हतं असं नाही. दिवसाउजेडी त्यांना मोकळा तासच मिळत नव्हता, आणि निम्म्या जणींना थोडा वेळ वाकून बसलं तरी चक्कर यायची. त्या अर्जात मी आरोग्याबद्दल एक ओळही लिहिली नव्हती.

तेव्हापासून मी उपजीविका आणि आरोग्य वेगळं काढत नाही. गरीब घरातल्या बाईचं उत्पन्न तिच्या शरीरावर आणि तिच्या वेळेवर उभं असतं. घरात आजारपण आलं की पहिली विकली जाते ती तिचीच शेळी. हे लक्षात ठेवून अर्ज कसा करायचा आणि काम कसं चालवायचं, ते पुढे क्रमाने सांगते.

आधी समजून घ्या, हा पैसा कोणाचा

चर्चचा निधी म्हणजे एकच पेटी नव्हे. ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात आणि प्रत्येकाची अपेक्षा वेगळी असते.

पहिला प्रकार बायकांनी बायकांसाठी उभ्या केलेल्या अर्पणांचा. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये १८८९ साली महिलांनी सुरू केलेलं 'युनायटेड थँक ऑफरिंग' हे त्यातलं जुनं उदाहरण. घरात एक निळी पेटी ठेवायची आणि आभार मानावेसे वाटले की त्यात नाणं टाकायचं. प्रेसबिटेरियन महिलांचं उपकारस्तुतीचं अर्पण १८८८ पासूनचं. त्यातला किमान ४० टक्के वाटा आरोग्याच्या कामासाठी ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे आपण मांडतो आहोत तो विचार या निधीच्या रचनेतच आहे. 'फेलोशिप ऑफ द लीस्ट कॉईन' १९५६ साली सुरू झाली ती शांती सॉलोमन या भारतीय महिलेच्या कल्पनेतून. कोरियाला निघालेल्या महिला पथकात त्या होत्या, पण त्यांना व्हिसा मिळाला नाही. सीमेवर माणूस अडतो, प्रार्थना अडत नाही, या विचारातून प्रार्थनेसोबत आपल्या देशातलं सर्वांत लहान नाणं बाजूला ठेवण्याची रीत त्यांनी सुचवली. गरीब आणि श्रीमंत बाईचं अर्पण त्यात सारखंच ठरतं. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जगभर होणाऱ्या महिलांच्या जागतिक प्रार्थना दिनाच्या अर्पणातूनही, उदाहरणार्थ जर्मनीच्या समितीमार्फत, महिलांच्या प्रकल्पांना मदत जाते. अशा निधींची अनुदानं बहुधा लहान आणि एकदाच मिळणारी असतात. त्यांना मोठे आराखडे नको असतात. नाणं टाकणाऱ्या बाईला वाचून दाखवता येईल असं खरं, स्पष्ट काम त्यांना हवं असतं.

दुसरा प्रकार चर्चच्या विकास संस्थांचा. जर्मन कॅथलिक बिशपांनी १९५८ साली स्थापलेली 'मिझेरिओर', तिथल्याच प्रोटेस्टंट चर्चची १९५९ पासूनची 'ब्रोट फ्यूर दी वेल्ट', ब्रिटनमधली 'ख्रिश्चन एड', आणि कॅथलिक चर्चच्या 'कारितास' या मदतसंस्थांचं जगभर पसरलेलं जाळं ही त्यातली नावं. इथे रक्कम मोठी आणि मुदत बहुधा काही वर्षांची असते, पण नोंदणी, लेखापरीक्षण आणि मूल्यमापन यांची तयारी पक्की लागते. नुकत्याच जमलेल्या गटाने थेट इथे जाऊ नये. आपल्या भागात काम करणाऱ्या, आधीच नोंदणी असलेल्या संस्थेचा हात धरावा.

तिसरा प्रकार जवळचा: आपला धर्मप्रांत, आपली मंडळी, एखाद्या धर्मभगिनी संघाचा निधी. रक्कम छोटी असते, पण उत्तर लवकर मिळतं. पहिलं काम इथूनच करावं. वर्षभराचा स्वच्छ हिशेब हातात असला की पुढच्या अर्जाला त्याच्याइतकी चांगली शिफारस नाही.

तिन्ही ठिकाणी स्थानिक चर्चची संमती कळीची ठरते. कुठे बिशपचं पत्र लागतं, कुठे महिला मंडळाच्या अध्यक्षांचं. ते पत्र शेवटच्या आठवड्यात मागू नका. पाळक किंवा बिशप यांना गटाच्या बैठकीला एकदा बोलवा, बायकांशी बोलू द्या. न पाहिलेल्या कामाला दिलेलं पत्र कसं कोरडं असतं, ते निवड समितीला दोन ओळींत कळतं. आणि पैसा परदेशातून येणार असेल, तर तुमच्या देशात परकीय निधी घेण्याचे नियम काय, कोणती परवानगी आणि कोणतं बँक खातं लागतं, हे अर्जाआधी तपासा. मंजूर झालेला पैसा परवानगीअभावी परत जाणं गटाच्या फार जिव्हारी लागतं.

तिचा दिवस कागदावर घ्या

सगळ्या तयारीत मी सर्वांत जास्त वेळ इथे घालवते. गटातल्या आठ-दहा जणींना बसवा. मोठ्या कागदावर चोवीस चौकोन आखा. पहाटे उठल्यापासून झोपेपर्यंत कोणत्या तासाला काय चालतं, ते त्यांच्याकडून भरून घ्या. लिहिता येत नसेल तर खडे, बिया, चित्रं चालतात. पाणी, सरपण, स्वयंपाक, मजुरी, लेकरं, आजारी सासू, जनावरं, सगळं येऊ द्या. वीस लिटरचा हंडा म्हणजे वीस किलो वजन. दिवसाला किती खेपा आणि किती अंतर, हे विचारा. ते बोलताना बायकांनाच आपल्या पाठदुखीचं कारण सापडतं.

मग दुसरा कागद, वर्षाचा. बारा महिन्यांत मजुरी कधी मिळते, घरातलं धान्य कधी संपतं, कर्ज कधी काढावं लागतं, ताप आणि जुलाब कधी वाढतात. बऱ्याच गावांत धान्य संपण्याचे, कामाच्या घाईचे आणि आजाराचे महिने एकच निघतात. तुमच्या प्रकल्पाला त्या महिन्यांत आधार व्हायचं आहे, त्याच महिन्यांत नवं ओझं व्हायचं नाही.

या कागदांवरून तीन प्रश्न विचारा:

- नव्या कामासाठी दिवसातला नेमका कोणता तास आहे, आणि तो नसेल तर आधी कोणतं काम हलकं करावं लागेल?
- गेल्या वर्षी घरात आलेला पैसा सर्वांत जास्त कशात गेला?
- पैसा हातात आला तर तो कोणाच्या हातात राहतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी 'पाणी जवळ आणा' किंवा 'धूर कमी करणारी चूल द्या' असं येतं. मग तोच तुमचा उपजीविकेचा प्रकल्प समजा, कारण वाचलेले दोन तास हे भांडवलच आहे. दुसऱ्याचं उत्तर अनेकदा दवाखाना असतं. तिसऱ्यावर बायका पहिल्या बैठकीत खरं बोलत नाहीत. थांबा, पुन्हा विचारा, पुरुष आसपास नसताना विचारा.

उद्योग निवडताना जनावराचं आणि बाजाराचं गणित

शेळी आणि कोंबडी हे अर्जांमधले सर्वांत आवडते उद्योग. दोन्ही चांगले आहेत. पण त्यांचं कॅलेंडर अनुदानाच्या कॅलेंडरशी जुळवून पाहिलेलं क्वचितच दिसतं.

शेळी साधारण पाच महिने गाभण असते. पैसा आला, बैठका झाल्या, खरेदी झाली, यात दोन-तीन महिने जातात. शेळी गाभण घेतली नसेल तर पहिलं करडू वर्षाच्या उत्तरार्धात दिसणार, आणि विकण्याजोगं होईपर्यंत अनुदानाचं वर्ष संपलेलं असणार. तरीही अर्जात 'एका वर्षात प्रत्येक कुटुंबाचं उत्पन्न दुप्पट' असं लिहिलं जातं. लिहू नका. पहिल्या वर्षासाठी किती शेळ्या जगल्या, किती व्याल्या, किती करडं टिकली, किती जणींनी लसीकरण वेळेवर केलं, हेच मोजायचं सांगा. अनुभवी समितीला हे प्रामाणिक आकडे जास्त पटतात. खरेदीच्या वेळीच पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची लस टोचून घ्या. एका डोसाचं संरक्षण साधारण तीन वर्षं टिकतं.

कोंबडीचं चक्र लहान. अंडं २१ दिवसांत उबतं, तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, पाच-सहा महिन्यांत अंड्यावर येते. पण राणीखेत रोग आला की अख्ख्या वस्तीतल्या कोंबड्या काही दिवसांत जातात. उष्णता सोसणारी, डोळ्यात थेंब टाकून देता येणारी लस उपलब्ध आहे. ती दर तीन-चार महिन्यांनी द्यावी लागते आणि थोड्या प्रशिक्षणाने बायका स्वतः देऊ शकतात. म्हणून कोंबड्या मागण्याआधी लस देणारी बाई तयार करण्याचा खर्च मागा. ज्या घरांत कोंबड्या आधीच आहेत, तिथे नव्या आणण्यापेक्षा आहेत त्या जगवणं जास्त फायद्याचं असतं.

शिवणकाम, साबण, मेणबत्त्या यांच्याबाबत एकच आग्रह धरते: अर्ज लिहिण्याआधी पाच खऱ्या गिऱ्हाइकांशी बोलून या. किती नग, कोणत्या दर्जाचे, किती दिवसांनी, हे त्यांच्या तोंडून ऐका. चर्चच्या जत्रेत माल खपतो, पण ती वर्षातून एकदाच येते.

आणि मालकी. शेळी कोणाच्या नावावर, विकायचा निर्णय कोणाचा, नवऱ्याने विकली तर गट काय करणार, हे बैठकीत ठरवून ठरावात लिहा. घरातल्या पुरुषांना एका बैठकीला मुद्दाम बोलवा. त्यांना वगळून सुरू केलेलं काम अनेकदा घरातच अडतं.

आरोग्याचा भाग: वेगळा दवाखाना नको, दुवा हवा

चर्चच्या जगात गावपातळीवरच्या आरोग्याचा विचार जुना आहे. जागतिक चर्च परिषदेने १९६८ साली ख्रिश्चन मेडिकल कमिशन स्थापलं. मिशनची ताकद बहुतेक रुग्णालयांत अडकली आहे आणि आजार मात्र घराघरांत आहे, ही अस्वस्थता त्यामागे होती. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्याचा जो विचार मान्य झाला, त्याला या कमिशनच्या कामाचाही हातभार लागला. त्या विचाराचं सार लहान अनुदानालाही लागू पडतं: औषधांचे खोके वाटण्यापेक्षा गावातली एक बाई शिकवून तयार करा.

सुरुवात रक्तापासून करा. जगात १५ ते ४९ वयाच्या साधारण ३० टक्के बायकांना रक्तक्षय आहे. गरीब ग्रामीण वस्तीत प्रमाण याहून बरंच जास्त निघू शकतं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ (ग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजतात. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्राला विनंती करून गटातल्या सगळ्या जणींची तपासणी काम सुरू होण्याआधी करा, आणि सहा महिन्यांनी व वर्षाने पुन्हा करा. लोहाच्या गोळ्या, जंताची औषधं, गरोदर बाईच्या तपासण्या हे सरकारी यंत्रणेकडून बहुधा मोफत मिळतं. अडतं ते तिथवर पोचण्यात आणि गोळी नेमाने घेण्यात. जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात किमान आठ भेटी सुचवते. त्यांतल्या किती होतात आणि का चुकतात, हे तुमची आरोग्यसखी, म्हणजे गटाने शिकवून तयार केलेली गावातली ती बाई, वहीत लिहू शकते. तिशीनंतरच्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी हाही असाच विषय. शिबिर भरवणं सोपं असतं. पण जिच्या तपासणीत काही निघालं तिला पुढे कुठे, कोण आणि कोणाच्या खर्चाने नेणार, हे ठरलं नसेल तर शिबिर घेऊच नका. घाबरवून घरी पाठवलेली बाई पुन्हा तुमच्याकडे येत नाही.

माझ्या मते या भागातली सर्वांत महत्त्वाची ओळ म्हणजे आजारपणाचा निधी. १९९१ साली नायजर देशात 'केअर' संस्थेने गावबचत गटांची एक साधी पद्धत बसवली, ती नंतर अनेक देशांत पसरली. पंधरा ते पंचवीस जणी, एक लोखंडी पेटी, तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे आणि पेटी चौथीकडे. पेटी फक्त बैठकीत, सगळ्यांसमोर उघडते. बचतीशेजारी एक वेगळी थैली असते, अडीअडचणीची. प्रत्येक बैठकीला सगळ्या जणी तिच्यात सारखी, छोटी रक्कम टाकतात. रात्री बाळंतिणीला न्यायला गाडी लागली, लेकराला ताप चढला, तर त्यातून बिनव्याजी पैसे मिळतात. ही थैली भरलेली असते तेव्हा शेळी दावणीलाच राहते. अनुदानातून पेटी, वह्या, शिक्का आणि प्रशिक्षण मागा. थैलीतला पैसा मात्र बायकांचाच असू द्या. बाहेरून आलेल्या पैशाची बायका तेवढ्या निगुतीने राखण करत नाहीत, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

बजेट

शेळीच्या एका छोट्या प्रकल्पाचं मी धरते ते प्रमाण असं. शंभर भागांपैकी जनावरं आणि साहित्य ४५, प्रशिक्षण १०, लस आणि पशुवैद्यकीय खर्च ८, आरोग्य २०, प्रवास आणि नोंदवह्या ७, लेखापरीक्षण ५, अनपेक्षित खर्च ५. ही काही कोरलेली रेघ नाही. पण जनावरांचा आकडा ८० वर गेलेला आणि बाकी सगळं २० मध्ये कोंबलेलं दिसलं की ते काम अडचणीत येणार, याची मला जवळपास खात्री असते.

प्रत्येक ओळीला कोटेशन जोडा. पगार, जमीन खरेदी, जुनं कर्ज यांना बरेच छोटे निधी पैसे देत नाहीत. आधी त्यांचे नियम वाचा. परदेशी रक्कम असेल तर बँकेचं शुल्क आणि विनिमय दरातली घट धरा. गटाचा वाटाही लिहा: गोठ्याचं श्रमदान, बैठकीची जागा, आरोग्यसखीचे तास. तो फुगवू नका, पण विसरूही नका. बायकांचं श्रम कागदावर पैशांत मांडलेलं पाहून त्याच कधी कधी थक्क होतात.

अर्जाची भाषा

'आमच्या भागातील महिला अत्यंत गरीब, अशिक्षित व पीडित असून त्यांना मदतीची नितांत गरज आहे.' असं वाक्य समितीने शेकडो वेळा वाचलेलं असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. शिवाय ज्या बाईबद्दल ते लिहिलं, तिला वाचून दाखवायची आपली हिंमत होणार नाही. माझी कसोटी हीच आहे: पूर्ण अर्ज गटासमोर मोठ्याने वाचा. जिथे तुमची जीभ अडखळेल ते वाक्य बदला.

नमुन्यादाखल, असं लिहिता येईल: 'गटात ३२ जणी आहेत. १९ जणींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आढळलं. २२ घरांनी गेल्या वर्षी दवाखान्यासाठी जनावर विकलं किंवा कर्ज काढलं. गटाने ११ महिने न चुकता बचत केली आहे. आम्हाला २० गाभण शेळ्या, दोन जणींचं पशुआरोग्य प्रशिक्षण आणि एका आरोग्यसखीचा वर्षाचा प्रवासखर्च हवा आहे.' यात गरज आहे तशी ताकदही आहे, आणि मागणी मोजता येते.

मोजमापं चार-पाचच ठेवा, आणि ती कोण, कधी, कोणत्या वहीतून मोजणार ते लिहा.

एक गोष्ट ठळकपणे नोंदवा: लाभ कोणत्याही धर्माच्या, जातीच्या बाईला गरजेनुसार मिळेल आणि त्यासाठी प्रार्थनेला येण्याची अट नसेल. आपत्तीतल्या मदतकार्याची १९९४ ची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता मदत ही विशिष्ट धार्मिक किंवा राजकीय मताच्या प्रसारासाठी वापरू नये असं सांगते, आणि ती मांडणाऱ्यांमध्ये कारितास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि जागतिक चर्च परिषद या चर्चच्याच संस्था होत्या. गावातल्या इतर बायकांचा विश्वास यावरच उभा राहतो. फोटोचंही तसंच. विचारून काढा, कुठे छापणार ते सांगा, आणि आजाराच्या नोंदी नावासकट कोणालाही पाठवू नका.

पैसा आल्यावर

वेगळं खातं, दोन सह्या, दर खर्चाला पावती. पावती न देणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलं तर गटाच्या दोन सदस्यांच्या सहीचं व्हाउचर त्याच दिवशी करा, महिनाअखेरीस आठवून नको. खरेदीला गटातल्याच तिघी जाऊ देत. जनावराची पारख त्यांना आपल्यापेक्षा जास्त असते.

काही बिघडलं, शेळ्या दगावल्या, एखादीने पैसे परत केले नाहीत, तर निधी देणाऱ्यांना त्याच महिन्यात लिहा आणि तुम्ही काय करणार तेही लिहा. मुदत वाढवून किंवा खर्चाची ओळ बदलून मागता येते. विचारायचं मात्र खर्च करण्याआधी. वर्षअखेरीस अचानक उघड झालेलं नुकसान लपवाछपवी वाटतं, भले तसं नसेलही.

वीस शेळ्या आणि बत्तीस बायका, मग उरलेल्या बारा जणींचं काय? चर्च ऑफ द ब्रदरन या छोट्या चर्चमधून उभ्या राहिलेल्या 'हायफर' संस्थेने १९४४ साली पहिल्या कालवडी पोर्तो रिकोला पाठवल्या, तेव्हापासून तिची रीत आहे: मिळालेल्या जनावराचं पहिलं मादी पिल्लू दुसऱ्या कुटुंबाला द्यायचं. घेणारी अशा रीतीने देणारी होते. तुमच्या ठरावात हे लिहा, आणि कोणाची पाट (मादी करडू) कोणाला जाणार याच्या जोड्या पहिल्याच दिवशी चिठ्ठ्या टाकून ठरवा. मग त्या बारा जणीही दुसऱ्यांच्या शेळीला लस दिली का, हे पाहू लागतात.

अर्ज नामंजूर झाला तर कारण विचारणारं छोटं पत्र लिहा. अनेक समित्या उत्तर देतात. दरम्यान बचत चालू ठेवा, हिमोग्लोबिनची वही चालू ठेवा. पुढच्या वर्षी त्याच अर्जात '११ महिने' च्या जागी '२३ महिने' लिहिता येतील.

मंजूर झाला असेल तर शेवटचा अहवाल पाठवण्याआधी तो गटाच्या बैठकीत वाचा: किती आले, कशावर गेले, किती उरले, कोणाची शेळी मेली, किती जणींचं हिमोग्लोबिन वाढलं आणि किती जणींचं नाही, पण हे शेवटचं नावं न घेता. दुरुस्त्या निघतील. त्या करा, सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या, एक प्रत पेटीत ठेवा आणि मग दुसरी पाठवा.